सगळं हाताशी

विट्याकडच्या त्या गावात पाण्याचं नाव शिव्यांच्या जोडीनंच निघायचं. उन्हाळ्यात विहिरीच्या तळाला उतरायचं, झऱ्यापाशी बसून वाटीवाटीनं घागर भरायची, ती डोईवर घेऊन चढण चढायची, आणि घरी आलं की सासू विचारायची, "कुटं मेली हुतीस एवढा येळ?" तानुबाईचं निम्मं आयुष्य त्या चढणीवर गेलं होतं. लग्न झालं तेव्हा ती परकरातून नुकती लुगड्यात आली होती. आता कानशिलाशी एखादा पांढरा केस दिसू लागला होता, पण कूस उजवली नव्हती. सासू हरणाबाई येताजाता म्हणायची, "बाभळीला सुदिक शेंगा लागत्यात." ती हे रागानं म्हणत नसे. औंदा पाऊस न्हाई, असं म्हणावं तसं म्हणायची.

नवरा ज्ञानू दूर दक्षिणेत कोइमतूरला असायचा. त्या भागातले पुष्कळ गडी करतात तोच त्याचा धंदा, गलाईचा. सोनारांच्या दुकानातली राख, झाडलोट विकत घ्यायची, भट्टीत आणि तेजाबात घालून तिच्यातला सोन्याचा कण वेगळा काढायचा. वर्षातनं एकदा, फार तर दोनदा तो गावी यायचा. बोटं पिवळी पडलेली, अंगाला तेजाबाचा वास. माणूस वाईट नव्हता. मारत नसे, पीत नसे. बायकोशी काय बोलायचं, हे मात्र त्याला कधी सुचलं नाही.

सत्तेचाळीस सालच्या संक्रांतीला तो आला, तो आईशी कुजबुजत राहिला. मग एके सकाळी तानुबाई जोंधळे पाखडत होती तिथं येऊन म्हणाला, "सांगलीला घर केलंय. तू नि मी तितं ऱ्हायचं."

"आनि आत्याबाई?"

"आई हितंच. रान बघाय कुनी नगं का?"

तानुबाई सूप हातात तसंच धरून उभी राहिली. "सांगलीला कशापायी?"

"सोय लय हाय तितं. कोइमतूरची गाडी मिरजेला उतरवती, तितनं घर हाकेवर. पानी, गिरणी, दवाखाना. समदं हाताशी."

सोय कुणाची, हे विचारायचं तिला सुचलं नाही. सुचलं असतं तरी तिनं विचारलं नसतं. पाणी हाताशी, एवढं एकच तिच्या कानात राहिलं.

सांगलीहून मिरजेकडं जाणाऱ्या रस्त्यावर, गाव संपून रानं लागतात तिथं, माळ मोजून प्लॉट पाडले होते. आदल्या काही वर्षांपर्यंत तिथं करडई पिकायची. आता कौलारू घरांच्या रांगा उभ्या होत्या, मधे सरळ रस्ता, रस्त्याकडेला कडुनिंबाची कोवळी रोपं काट्यांच्या कुंपणात. वकील, पेढीवरले कारकून, हळदीचे व्यापारी, पेन्शनीत निघालेले एक सुभेदार, अशी माणसं तिथं राहायला आली होती. गावातले लोक म्हणत, "ते होय, ते प्लॉटात राहतात." म्हणताना जरा मान वर करत.

ज्ञानूचं घर दोन खोल्या, पडवी आणि मागं परसू असं होतं. परसात आड. तो शेजारच्या घराशी सामाईक. दोन्ही परसांमधला दगडांचा गडगा आडापाशी येऊन थांबलेला. पहिल्या दिवशी तानुबाईनं रहाटावरून बादली सोडली आणि ओढायला लागली, तर दोर इतक्या लवकर वर आला की तिला वाटलं, बादली सुटूनच गेली. वाकून बघते तर बादली काठोकाठ भरून हातापाशी आलेली. तिनं ती पायांवर ओतली. मग दुसरी काढली आणि परसात ओतली, उगाचच. पहिले कितीतरी दिवस ती कारण नसताना पाणी काढायची. पडवी धुवायची, धुतलेली भांडी पुन्हा धुवायची. जातं तर तिनं कोपऱ्यात सरकवून त्यावर पाट मांडला. कोपऱ्यावर पिठाची गिरणी होती. दळण टाकून यावं आणि गरम पीठ डोईवर घेऊन यावं. भाजीवाली दारात यायची. मिरजेची छोटी गाडी जवळच थांबायची; तिची शिटी झाली की भाकरी टाकायला घ्यायची, असं तानुबाईचं घड्याळ बसलं.

गडग्यापलीकडं अण्णा वकिलांचं घर. जैनाचं घर ते. दिवस मावळायच्या आत त्यांची जेवणं उरकत, आणि मग वकिलांची बायको शकुंतला हिला सगळी संध्याकाळ मोकळी असे. ती आडापाशी येऊन बसायची. आधी नुसती बसायची, मग बोलायला लागली, मग तानुबाईला हाका मारून बोलवायला लागली. तिनंच तिला बाजार दाखवला, कपबशीतून चहा प्यायला लावला, टांगेवाल्याशी काय बोलायचं ते सांगितलं. तानुबाईनं तिला आपल्या हातची शेंगदाण्याची चटणी दिली. त्यात लसूण होता. शकुंतलावहिनींनी ती खाल्ली नाही, पण परतही केली नाही, सुभेदारीणबाईंकडं पोचवली. सुभेदारीणबाई दुसऱ्या दिवशी रीत विचारायला आल्या. मग उन्हाळी कामं निघाली. कुरडयांचा चीक घोटायला ताकदीचा हात लागतो, आणि तानुबाईचे हात चढणीवर तयार झालेले. एका घरचा चीक घोटून झाला की दुसऱ्या घरचं बोलावणं यायचं. दुपारभर बायका सोप्यात बसून हसायच्या, आणि तिला कुणी बाभळीचं काही बोलत नसे. मूल नाही का, हे एकीनं एकदा विचारलं. नाही म्हटल्यावर विषय संपला.

"आपल्या प्लॉटात," असं ती म्हणायला लागली. भाजीवालीला म्हणायची, सुभेदारांना म्हणायची, "आता काय माघारी जायचं न्हाई बाबा. आमचं घर हितंच."

ज्ञानू या खेपेला कोइमतूरला परत गेला नाही. दुकान पुतण्या बघत होता म्हणे. संध्याकाळी तो अण्णा वकिलांच्या पडवीत जाऊन बसायचा. एकदा जेवताना तानुबाई म्हणाली, "मला हितं लय करमतंय." ज्ञानू घास थांबवून तिच्याकडं बघत राहिला. आजवर त्यानं तिच्याकडं इतकं निरखून कधी बघितलं नव्हतं.

"करमलं न्हवं?" तो म्हणाला. "झ्याक झालं."

असंच एकदा शकुंतलावहिनी म्हणाल्या, "तानुबाई, उद्या माझ्याबरोबर मिरजेला चला. तिथं दवाखान्यात बायकांना तपासणारी बाई आहे."

"मला काय झालंय?"

"काही झालेलं नाही. चला तुम्ही."

त्यांनी इतका आग्रह कधी केला नव्हता. तानुबाई गेली. डॉक्टरीणबाईनं तिला पडद्याआड नेऊन तपासलं, हात धुतले, आणि वहिनींच्या देखत सांगितलं, "हिच्यात दोष दिसत नाही. नवऱ्याला घेऊन या. त्याला तपासल्याशिवाय पुढचं काही सांगता येणार नाही."

परतीच्या गाडीत तानुबाई खिडकीतून बघत बसली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसावंसं वाटत नव्हतं. इतकी वर्षं डोईवर असलेली घागर कुणीतरी उतरून घेतली होती.

"घरी गेल्यावर त्यांना सांगा," वहिनी म्हणाल्या. "आजच सांगा."

तानुबाईनं तोंडाला पदर लावला. "गडीमानसाला असलं कसं सांगायचं, वहिनी? मरंल की लाजनं."

"सांगायला हवं, तानुबाई."

"सांगीन कवातरी."

वहिनींनी तोंड दुसरीकडं फिरवलं. तानुबाईनं सांगितलं नाही. घालूनपाडून बोललेलं ऐकायची तिला सवय होती, त्याला नव्हती. एवढं चांगलं घर त्यानं केलं, एवढं सुख दिलं, आणि त्याच्या पदरात हे टाकायचं? तिला त्याची कीव आली. नवऱ्याची कीव करण्याइतकं आपण मोठं झालो, याचं तिला थोडं सुखही वाटलं.

चैत्रात ज्ञानू एका पाहुण्याला घेऊन आला. उंच, वाळका माणूस, डोईला मळकट पागोटं, पायांत करकर वाजणाऱ्या वहाणा. "हे आकाराम पाटील," ज्ञानू म्हणाला. "सांगली संस्थानातलंच गाव हाय त्यांचं, कृष्णाकाठचं. प्लॉट बघाय आल्यात. समदं दाव त्यास्नी." आणि तो स्वतः वकिलांकडं निघून गेला.

तानुबाईला इतका मान कुणी दिला नव्हता. तिनं चहा केला, कपबशीतून दिला, आणि पाहुण्याला घर दाखवायला घेतलं. आधी आड.

"उन्हाळ्यात आटतो का?" आकारामनं विचारलं.

"आटंल कशाला? बघा की, हात बुडवावा एवढ्यावर हाय."

"कुनाचं दुकलंखुपलं तर?"

"दाक्तर त्या कोपऱ्यावर. नि मिरज काय लांब हाय? गाडीत बसलं की उतरायचंच."

आकारामनं भिंतीवर हात फिरवला, कौलं बघितली, चुलीपाशी वाकून धूर कुठून जातो ते बघितलं. मग म्हणाला, "घर ठीक हाय. शेजार कसा हाय?"

"शेजार म्हंजे काय सांगू तुमास्नी," तानुबाई म्हणाली, आणि तिला खरंच शब्द सापडेनात. "मी आडानी, माळावरनं आलेली. पन हितल्या एका बाईनं मला परकं म्हनून वागवलं न्हाई. ह्या शेजारच्या वहिनी तर सख्ख्या भनीपरास."

"तरन्या पोरीला करमंल?"

"तुमची लेक हाय व्हय?"

"हाय. एकलीच. आईबिगर वाढलीय." त्यानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "तिला कुटं द्यायचं म्हंजे जीव खालवर हुतो."

तानुबाईला वाटलं, जावयासाठी घर बघतोय. तिला त्याच्याबद्दल माया वाटली. "मग डोळं झाकून आना," ती म्हणाली. "मी हाय की. लेकीवानी बघीन."

आकाराम तिच्या तोंडाकडं बघत राहिला. मग त्यानं दोन्ही हात जोडले. "बाई, लय मोठ्या मनाच्या हायसा तुमी. असं काळीज कुनाचं नसतं."

घर दाखवलं एवढ्यासाठी माणसानं इतकं बोलावं, याचं तिला नवल वाटलं. पण बरंही वाटलं. रात्री तिनं ज्ञानूला सांगितलं, "मानूस लय चांगला हाय तो. घ्याय लावा त्याला शेजारचा प्लॉट."

ज्ञानू म्हणाला, "बघू."

वैशाख लागला आणि न सांगता हरणाबाई आली. बरोबर तांदळाचं पोतं, हळकुंडं, बोचक्यात नवी लुगडी. आल्या आल्या तिनं आडाचं पाणी पिऊन बघितलं, परसात उखळ कुठं मांडायचं ते ठरवलं, आणि भिंतीला टेकून बसली. तानुबाई चुलीपुढं भाकरी थापत होती.

"आत्याबाई, हळकुंडं कुनाच्या लग्नाची?"

"कुनाच्या म्हंजे? ज्ञानूच्या. बेस्तरवारी हाय." हरणाबाईनं गुडघा दाबला. "आकारामची पोरगी. त्यो तर सांगत हुता, थोरलीनंच पुढं हून घर दावलं."

तानुबाईनं हातातली भाकरी थापून पुरी केली. तव्यात टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, निखाऱ्याशी उभी केली. भाकरी टम्म फुगली. ती तिनं टोपल्यात ठेवली, हात धुतले, आणि मागच्या दारानं आडापाशी गेली.

शकुंतलावहिनी गडग्याशी तांदूळ निवडत होत्या. तानुबाईचं तोंड बघून त्यांचे हात थांबले. काही विचारावं लागलंच नाही.

"मला ठाऊक होतं, तानुबाई," त्या म्हणाल्या.

"कवापासनं?"

"तुम्ही इथं यायच्या आधीपासून. तुमचे यजमान ह्यांचे पक्षकार. वकिलाच्या घरातलं बाहेर बोलता येत नाही." त्यांनी ताटातला खडा उचलून टाकला. "म्हणून तर तुम्हाला मिरजेला नेलं. मला वाटलं, तुम्ही त्यांना सांगाल आणि सगळं आपोआप थांबेल."

"आपोआप," तानुबाई म्हणाली.

आवाज ऐकून अण्णा वकील बाहेर आले, चष्मा कपाळावर चढवलेला. सज्जन माणूस. त्यांनी तिला पायरीवर बसायला सांगितलं, आणि कोर्टापुढं मांडावं तसं शांतपणे मांडलं. तिकडं इंग्रजी मुलखात, विट्याला, साताऱ्याला, मुंबई इलाख्याचा नवा कायदा झाला. पहिली असताना दुसरी केली तर ते लग्नच खोटं, वर शिक्षा. इथं, सांगली संस्थानात, तो कायदा लागत नाही. पण नुसतं इथं येऊन अक्षता टाकल्या म्हणून भागत नाही. माणूस इथला रहिवासी पाहिजे. घर, चूल, बायको, सगळं इथं मांडलेलं पाहिजे. उद्या कुणी दावा लावला तर दाखवता आलं पाहिजे, की हा इथं कायमचा राहायला आला.

"म्हंजे मी आले म्हनून…"

"तुमच्यामुळं घर झालं. एकट्या गड्यानं खोली घेतली असती तर कोर्टानं मानलं असतं, नसतंही." वकिलांनी चष्मा खाली घेतला. "शिवाय तुम्ही स्वतःच सांगत होता सगळ्यांना, आता परत जायचं नाही म्हणून. सुभेदारांना, गिरणीवाल्याला. असे साक्षीदार मागून मिळत नाहीत."

ते हे जवळजवळ कौतुकानं बोलले.

"आनि मी आले नसते तर?"

खोटं बोलणं अण्णांच्या स्वभावात नव्हतं. "तर त्याला अवघड होतं," ते म्हणाले.

संध्याकाळी ज्ञानू परसात तोंड धूत होता. तानुबाई तांब्या घेऊन उभी राहिली. "इचारायचं तरी हुतं."

"इचारलं असतं तर आली असतीस?"

ज्ञानूनं तोंड पुसलं. त्याच्या बोलण्यात कुठं राग नव्हता. "वंश नगं व्हय? मी काय हौस म्हनून करतोय? तुला कुटं घालवतोय का मी? घर हाय, आड हाय, तुझ्या शेजारनी हायत. तुला हितं करमलं ते एक बरं झालं. न्हाईतर आकाराम पोरगी देत नव्हता. तुझ्या बोलन्यावर त्यो व्हय म्हनला."

"मिरजेला मी…" तानुबाई म्हणाली.

"काय मिरजेला?"

त्याची मान टॉवेलात होती. मानेवरचं कातडं ढिलं पडलेलं तिला दिसलं.

"आनि पटत नसंल तर गावाकडं जा," ज्ञानू पुढं म्हणाला. "रान पडलंयच. आई आता हितंच ऱ्हाते म्हंती, तिचं गुडघं दुखत्यात. तितं कुनी तरी पायजेच."

तानुबाईच्या डोळ्यांपुढं ती चढण आली. "काय न्हाई," ती म्हणाली.

हळदीच्या आदल्या दिवशी आकाराम आला. पोरीची ट्रंक घेऊन आला होता. ज्ञानू मांडवाच्या मेढी आणायला गेलेला, हरणाबाई सुभेदारांकडं आमंत्रण द्यायला. आकारामनं ट्रंक पडवीत ठेवली, आणि तानुबाईनं पाणी आणून दिलं तेव्हा तिच्या डोळ्यांकडं बघून तो ते प्यायचं विसरला.

"बाई," तो म्हणाला, "तुमास्नी ठावं नव्हतं?"

तिनं पदर डोईवर ओढून घेतला.

"मला सांगितलं, थोरलीनं आपनहून मोकळीक दिलीया. त्या दिशी तुमी लेकीवानी बघीन म्हनला, मला वाटलं…" त्यानं तांब्या खाली ठेवला. "अजून हळद लागली न्हाई. तुमच्या मनात काय असंल, काय म्हायती असंल, तर आत्ता सांगा. मी पोरगी माघारी न्हेतो. लोक हसू देत. मला माझी पोरगी जड न्हाई."

एक वाक्य बोललं असतं तर पुरत होतं. डॉक्टरीणबाईचं वाक्य, जसंच्या तसं. ते तिच्या जिभेवर आलेलं होतं. पण हा पोरगी घेऊन गेला, की दुसरा कुणी पोरगी घेऊन येणार होता; आणि नाही आला, तर या घराचं ज्ञानूला काय काम? घर मोडणार, आड इथंच राहणार, आणि आपण पुन्हा घागर घेऊन तळाला उतरणार. हे सगळं तिच्या मनात आलं. आणि त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती. ही पोरगी आली, की बाभळीचं बोलणं तिच्या वाट्याला जाईल. इतकी वर्षं आपण ऐकलं. आता दुसरं कुणीतरी ऐकेल, आणि आपण ऐकणारणीच्या शेजारी बसू.

"माझं काय म्हननं न्हाई," तानुबाई म्हणाली. "पोरगी हितं सुखात ऱ्हाईल."

आकाराम वाकून तिच्या पाया पडला. वयानं तो तिच्या बापाएवढा होता.

लग्नाला सगळा प्लॉट जेवला. वकिलांच्या घरच्यांसाठी पहिली पंगत दिवसाउजेडी बसवली. तानुबाईनं पदर खोचून वाढायला घेतलं. शकुंतलावहिनी पानावर मान खाली घालून बसल्या होत्या. तानुबाई बुंदीचं ताट घेऊन त्यांच्यापुढं थांबली.

"आनखी वाढू?"

वहिनींनी मान वर केली नाही. "वाढा थोडी," त्या म्हणाल्या.

नवरी अंजना सोळा-सतराची, वेणी कमरेखाली, नखांना अजून रानातली माती. तानुबाईला ती पहिल्या दिवसापासून आक्का म्हणायला लागली. रहाट ओढताना तिला बादली सुटल्यासारखं वाटलं आणि ती किंचाळली, तेव्हा तानुबाईला हसू आलं. तिनं तिला गिरणी दाखवली, बाजार दाखवला, कपबशी धरायला शिकवली. प्लॉटातल्या बायकांना पोरगी आवडली. आकाराम सुगीला गुळाची ढेप घेऊन यायचा आणि आधी तानुबाईच्या पाया पडायचा.

ज्ञानू कोइमतूरला गेला, आला, पुन्हा गेला. हरणाबाईचं खाट-गोधडं पडवीत कायमचं पडलं. रान वाट्यानं लावून टाकलं होतं. तिलाही प्लॉटातली सोय मानवली. पुढच्या वर्षी संस्थान मुंबई इलाख्यात सामील झालं. अण्णा वकील पडवीत वर्तमानपत्र वाचत होते. तानुबाई गडग्याशी जाऊन उभी राहिली.

"म्हंजे त्यो कायदा आता हितं बी?"

"हो. पण झालेल्या लग्नाला बाधा नाही, काळजी करू नका." वकिलांनी पान उलटलं. "फक्त आता तिसरं करता यायचं नाही."

"तिसरं न्हाई," तानुबाई म्हणाली, आणि धुणं वाळत घालायला गेली.

अंजनाला दिवस गेले नाहीत. वर्ष झालं, दुसरंही सरत आलं, तशी हरणाबाई खाटेवरून बोलायला लागली. शब्द तेच, सूर तोच, आडात बादली पडावी तसा ठरलेला. पोरगी आधी रडली, मग जेवेनाशी झाली, मग उपास धरायला लागली. एका सकाळी आडावर भांडी घासता घासता तिनं विचारलं, "आक्का, तुमी कवा दाक्तरला दावलं हुतं का?"

गडग्यापलीकडं शकुंतलावहिनी पाणी काढत होत्या. त्यांच्या हातातला दोर थांबला.

"न्हाई," तानुबाई म्हणाली. "दाक्तरला काय कळतंय त्यातलं?"

मग रहाट पुन्हा फिरला, बादली वर आली, आणि वहिनी ती घेऊन आत गेल्या.

मिरजेच्या पलीकडं एका मळ्यात एक देवऋषी होता. त्याच्या हातच्या डागण्यानं कुणाकुणाला पोरं झाल्याचं हरणाबाईच्या कानावर आलं. तिचे गुडघे चालत नव्हते, म्हणून तिनं तानुबाईला धाडलं. जाणं सोपंच होतं. सकाळची गाडी, मग टांगा, संध्याकाळपर्यंत माघारी. अंजना नवं लुगडं नेसून निघाली. गाडीत बसायला मिळालं म्हणून खूश होती. काय करणार आहेत, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

देवऋषी म्हातारा होता, बोलायला मऊ. त्यानं शेणी पेटवून त्यात विळा खुपसला आणि तानुबाईला म्हणाला, "हात धरा तिचं. हालली तर वंगाळ जागी लागतंय."

तानुबाईनं अंजनाची दोन्ही मनगटं धरली. चीक घोटणारे तिचे हात. पोरीनं कितीही ओढलं तरी सुटेनात. विळा लाल झालेला बघितला तेव्हा अंजनानं आईला हाक मारली नाही, तिला आई नव्हती. "आक्का, नगं म्हना," ती म्हणाली. "आक्का, तुमी सांगा त्यास्नी." तानुबाई तिच्या डोळ्यांकडं बघत होती. अजूनही ते एक वाक्य होतं. तिनं तोंड उघडलंही, पण बाहेर आलं ते एवढंच, "दमानं. आत्ता हुतंय." मग पोटावर विळा टेकला, एकदा, आणि पुन्हा एकदा, आणि कातडीचा वास सुटला.

परतीच्या गाडीत बाकावर दाटी होती. पोरीचं तोंड बघून एका म्हातारीनं उठून जागा दिली. अंजना पोटापासून लुगडं सुटं धरून बसली होती; हुंदके थांबले होते, नुसता श्वास फुटत होता. थोड्या वेळानं तिनं डोकं तानुबाईच्या खांद्यावर टाकलं. दुसरा खांदा तिला नव्हता. तानुबाईनं तिच्या केसांवरून हात फिरवला, वेणी सारखी केली, पदरानं तिचं तोंड पुसलं. हे ती मायेनंच करत होती, आणि ती माया खरी होती.

गाडीची शिटी झाली. बाहेर कौलांच्या रांगा दिसायला लागल्या, सुभेदारांच्या पडवीत कुणीतरी कंदील लावत होतं.

"ऊठ," तानुबाई म्हणाली. "घर आलं."